खडा फोडण्याआधी नळी घालावी का? भांडुपच्या एका रिक्षाचालकाचे प्रकरण

रुग्ण भांडुप पश्चिमेचा रिक्षाचालक, वय ४१. रिक्षा स्वतःची नाही. सकाळची शिफ्ट भाड्याने घ्यायची, मालकाचे पैसे आणि गॅस वजा जाता उरेल ती कमाई. डाव्या कुशीत महिनाभर अधूनमधून कळ येत होती. ऑक्टोबरच्या उन्हात एकदा लालसर लघवी झाली, तेव्हा बायकोने हट्टाने सोनोग्राफी करायला लावली आणि मुतखडा निघाला. आधी दाखवलेल्या रुग्णालयात सांगण्यात आले, ‘आत नळी घालू, मग आठवड्याने मशीनने खडा फोडू.’ दोन्हींचा खर्च एका कागदावर लिहून दिला होता. तो कागद घेऊन नवरा-बायको माझ्या ओपीडीत आले. दुसरे मत हवे होते, पण नळीबद्दल नव्हे. त्यांना एवढेच विचारायचे होते की, हे याहून स्वस्तात कुठे होईल.

या प्रकरणातला उपचार नेहमीचाच आहे. लिहावेसे वाटले ते ‘नळी हवी का’ या प्रश्नामुळे, कारण तो मुंबईत रोज कुठल्या ना कुठल्या ओपीडीत निघतो आणि बहुतेक वेळा कोणी न विचारताच त्याचे उत्तर दिले जाते.

सीटी स्कॅनमध्ये खडा डाव्या मूत्रपिंडाच्या मधल्या पोकळीत, म्हणजे मूत्राशयाकडे लघवी नेणारी मूत्रवाहिनी जिथून सुरू होते त्याच्या जरा वर दिसला. आकार १३ मिलिमीटर. घनता ८७० हाउन्सफील्ड (सीटीवर खडा किती टणक ते दाखवणारे माप). पाठीच्या कातडीपासून खड्यापर्यंतचे अंतर ९ सेंटिमीटर. मूत्रपिंडाला किंचित सूज, उजवी बाजू स्वच्छ. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनीन १.०, म्हणजे ठीक, लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नाहीत, ताप कधीच आलेला नाही. रक्तदाब मात्र १५६/९८, आणि तो वाढलेला आहे हे त्याला ठाऊकच नव्हते.

शॉक वेव्हने, म्हणजे त्या मशीनमधून बाहेरून सोडलेल्या दाबाच्या लाटांनी, खडा फुटेल की नाही, याचा अंदाज या आकड्यांवरूनच बांधतात. घनता हजार हाउन्सफील्डच्या वर गेली किंवा कातडीपासूनचे अंतर दहा सेंटिमीटरच्या पुढे गेले, की यशाची शक्यता घटते. वीस मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्याला हा उपचार सहसा सुचवतच नाहीत. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातला खडा फुटतो, पण तुकडे वर चढून बाहेर पडायला कुरकुर करतात. आमच्या रुग्णाचा खडा सगळ्या बाबतींत अनुकूल बाजूला होता. दुसरा पर्याय दुर्बिणीने आत जाऊन लेझरने खडा फोडण्याचा. तोही चांगला, एका बैठकीत काम होण्याची शक्यता त्यात जास्त. पण त्याला पूर्ण भूल लागते आणि नंतर काही दिवस तरी नळी ठेवावी लागण्याचा संभव मोठा. दोन्ही समजावले. त्याने मशीन निवडले, कारण त्याला दोन दिवसांत रिक्षावर परत बसायचे होते.

मग मी म्हटले, ‘नळी घालायची गरज नाही.’

बायको दचकली. ‘असं कसं डॉक्टर? दादांना तर नळीनेच वाचवलं.’

दादांची नळी

दादा म्हणजे रुग्णाचा थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी त्याचा खडा मूत्रवाहिनीत अडकला होता. हुडहुडी भरून ताप, रक्तदाब खाली आलेला, बोलण्यात असंबद्धपणा. अडकलेल्या खड्याच्या वर तुंबलेल्या लघवीत पू झाला होता. त्या रात्रीच त्याला डीजे स्टेंट, म्हणजे हीच आतली नळी, घातला, तुंबलेले वाहून गेले, प्रतिजैविके लागू पडली आणि माणूस वाचला. अशा वेळी खड्याला हात लावायचाच नसतो. आधी निचरा करायचा, मग तो आतल्या नळीने होवो वा पाठीतून थेट मूत्रपिंडात घातलेल्या नळीने. खड्याचे काय करायचे ते संसर्ग आटोक्यात आल्यावर ठरते. दादांचा खडा पुढे काही आठवड्यांनी दुर्बिणीने काढला. स्टेंटमुळे मूत्रवाहिनी तोवर सैलावलेली असते, त्यामुळे दुर्बीण सहज वर जाते.

घरातल्या माणसांच्या डोक्यात या सगळ्याचा एकच अर्थ बसला. खडा असला की नळी घालतात आणि नळी घातली की माणूस वाचतो. ती समजूत चुकीची म्हणवत नाही, कारण त्यांनी पाहिले तेच ते बोलत होते. दादांची नळी तुंबलेला, पिकलेला मार्ग मोकळा करायला होती. धाकट्या भावाचा मार्ग तुंबलेलाही नव्हता आणि पिकलेलाही नव्हता. त्याला सुचवलेली नळी पुढे फुटणाऱ्या तुकड्यांच्या धास्तीने होती.

नळी काय करते आणि काय करत नाही

डीजे स्टेंट म्हणजे पॉलियुरेथेन किंवा तत्सम प्लास्टिकची बारीक, मऊ नळी. नेहमी वापरतात ती ६ फ्रेंचची, म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची, आणि साधारण २४ ते २६ सेंटिमीटर लांब. एक वळलेले टोक मूत्रपिंडात, दुसरे मूत्राशयात. दोन्हीकडच्या वळणामुळे ती जागची हलत नाही. दोन्ही टोकांना वळण असलेली ही रचना १९७८ सालापासूनची आहे.

शॉक वेव्हचा उपचार त्यानंतर दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला माणसावर पहिल्यांदा झाला. सुरुवातीच्या उत्साहात फार मोठे खडेही या यंत्राखाली घेतले गेले. मोठा खडा फुटला की तुकड्यांचा लोंढा मूत्रवाहिनीत उतरे आणि वाट बंद होई. एलबीएस रोडवर एक टेम्पो बंद पडावा आणि त्याच्यामागे मुलुंडपर्यंत रांग लागावी, तसे खाली एक मोठा तुकडा अडकतो आणि वरून बारीक चुरा येऊन साचत जातो. याला आम्ही स्टाइनस्ट्रास म्हणतो. हे टाळायला उपचाराआधी नळी घालण्याची पद्धत पडली. मोठ्या खड्यांच्या त्या काळात तिला अर्थ होता. पुढे मोठे खडे पाठीतून छिद्र पाडून काढू लागले, लहान खडे तेवढे शॉक वेव्हकडे राहिले, पण पद्धत तशीच चालू राहिली.

नंतर नळीसह आणि नळीविना अशा गटांची तुलना करणाऱ्या बऱ्याच चाचण्या झाल्या. त्यांचे सार अमेरिकेच्या आणि युरोपच्या यूरॉलॉजी संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांत आले आहे. शॉक वेव्हच्या आधी सरसकट स्टेंट घालू नये. त्याने खडामुक्त होणाऱ्यांचे प्रमाण वाढत नाही, पुढे आणखी उपचार लागण्याची वेळही कमी होत नाही. स्टाइनस्ट्रास होण्याचा धोका मात्र त्याने घटू शकतो, एवढे श्रेय नळीला द्यावे लागते. आणि हा धोका आहे तरी किती? शॉक वेव्ह घेतलेल्यांपैकी ढोबळमानाने शंभरात चार ते सात जणांना. खडा जितका मोठा तितका जास्त.

नळीने तुकडे पडायला मदत का होत नाही, हे रुग्णाला पटवणे अवघड जाते. नळी म्हणजे पाइप, पाइपातून तुकडे घरंगळत येणार, असे चित्र सहज डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात तुकडे नळीच्या आतून येत नाहीत, आतली जागा त्यासाठी फार अरुंद असते. ते नळीच्या बाजूने येतात. मूत्रवाहिनी ही जिवंत, स्नायूंची वाहिनी आहे. ती लाटेसारखी आकसत लघवी खाली ढकलते. आत नळी असली की वाहिनी सैल पडते आणि ही ढकल मंदावते. म्हणजे वाट रुंद झाली, पण ढकलणारा हात सुस्तावला, शिवाय वाटेच्या मधोमध दोन मिलिमीटरचा खांब उभा. फायदा-तोटा साधारण सारखाच होतो.

खडा मूत्रवाहिनीतच असेल आणि नळी त्याला खेटून गेलेली असेल, तर गणित आणखी बिघडू शकते. शॉक वेव्हने खडा फुटण्यात खड्याभोवतीच्या द्रवात उठणाऱ्या सूक्ष्म बुडबुड्यांचा मोठा वाटा असतो. चहूबाजूंनी पाणी असलेला खडा चांगला फुटतो, भिंत आणि नळी यांच्यात चेपलेला तितका नाही. शिवाय नळी एक्स-रेवर पांढरी दिसते. लहान खडा तिच्यावर आला की नेम धरताना कुठला ठिपका खड्याचा, असा प्रश्न पडतो. उलट बाजूही सांगायला हवी. एक्स-रेवर न दिसणाऱ्या खड्याची जागा हुडकायला कधीकधी नळीची रेघच कामी येते.

आता त्रास. स्टेंट असलेल्या दहांतल्या आठ जणांना काही ना काही जाणवतेच. सारखी लघवीची घाई, जळजळ, मधूनच रक्त. आणि एक तक्रार जी ऐकून घरचे गोंधळतात, ती म्हणजे लघवी करताना कुशीत कळ. मूत्राशय आकसले की दाब नळीतून उलटा मूत्रपिंडापर्यंत पोचतो, म्हणून. हालचाल जास्त, धक्के जास्त, तर त्रासही जास्त. हे सगळे ज्या माणसाला होणार तो दिवसाचे दहा तास तीनचाकीवर बसणारा. भांडुप स्टेशन ते गाढव नाका हा त्याचा शेअर रिक्षाचा नेहमीचा पट्टा. खड्ड्यांबद्दल वेगळे सांगायला नको. मागे तीन प्रवासी बसवून अर्ध्या वाटेत लघवीला उतरता येत नाही.

हा हिशेब मी त्याच्यासमोर मांडला. तो ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला, ‘म्हणजे नळीनं खडा लवकर फुटत नाही?’

‘नाही.’

‘आणि सगळा पडतोच असंही नाही?’

‘नाही. वाट तुंबायची भीती थोडी कमी होते.’

‘आणि नाही घातली, नि तुंबली तर?’

हा खरा प्रश्न होता. तुंबली तर कळ येईल, औषध देऊ, बहुतेक वेळा तुकडे आपोआप पडतात. ताप आला तर मात्र त्या तासाला यायचे, सकाळची वाट पाहायची नाही, आणि मग नळी घालावीच लागेल. तो भांडुपला राहतो, फोन आहे, बायको दादांच्या वेळचे सगळे पाहून शिकलेली आहे. दूर गावी परतणारा, ताप आला तरी दोन दिवस अंगावर काढेल असा माणूस समोर असता, तर मी याच आकड्यांवर कदाचित वेगळा विचार केला असता. एकच मूत्रपिंड असते, क्रिएटिनीन वाढलेले असते किंवा लघवीत संसर्ग असता, तर प्रश्नच नव्हता, नळी घातलीच असती.

एक गोष्ट आम्हा डॉक्टरांबद्दलही बोलायला हवी. नळी घातलेली असली की रात्री फोन वाजण्याची शक्यता कमी होते. डॉक्टरला झोप शांत लागते, लघवीसाठी रात्री चारदा उठतो तो रुग्ण. सरसकट नळी घालण्यामागे पैसा असतो, असा संशय लोकांना येतो. काही ठिकाणी तसे असेलही. पण माझ्या पाहण्यात धास्तीच जास्त वेळा असते.

टेबलावर

आधी रक्तदाब. तो १३०/८० च्या आसपास येऊन स्थिरावेपर्यंत तारीख दिली नाही, कारण वाढलेल्या रक्तदाबावर शॉक दिले तर मूत्रपिंडाभोवती रक्त साकळण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारे काही चालू नाही, याची दोनदा विचारणा केली. पाठदुखीसाठी शेजाऱ्याने दिलेली गोळी लोक औषधात धरत नाहीत, म्हणून दोनदा.

त्याला शेवटपर्यंत वाटत होते की आत करंट सोडणार. यंत्राच्या उशीतून दाबाची लाट निघते, पाण्यातून आणि शरीरातून जाते आणि खड्याच्या जागी एकवटते, यात विजेचा झटका कुठेच नाही, हे टेबलावर झोपल्यावर त्याला पुन्हा सांगितले.

या उपचारात यश पुष्कळदा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर ठरते. त्यातली एक जेलची. उशी आणि कातडी यांच्यामध्ये हवेचे बुडबुडे राहिले की लाट तिथेच अडते आणि खड्यापर्यंत पोचते ती निम्मीशिम्मी. आमच्या तंत्रज्ञाने जेल हाताने फासले नाही. मोठ्या डब्यातून उशीच्या मधोमध त्याचा ढीग ओतला आणि रुग्णाला हळूच त्यावर टेकवले, म्हणजे वजनाने जेल आपोआप पसरते आणि हवा कडेने निघून जाते. नंतर हात घालून कडा चाचपल्या. रुग्णाने जरा कूस बदलली, तेव्हा सगळे पुन्हा केले. याला चार मिनिटे लागतात, आणि घाईच्या दिवशी हीच चार मिनिटे वाचवली जातात.

गुंगीचे औषध दिले. सुरुवात कमी ताकदीने केली, मग टप्प्याटप्प्याने वाढवली. असे केल्याने मूत्रपिंडाला इजा कमी होते. वेग मिनिटाला साठ ठेवला. नव्वदपर्यंत चालतो, पण सावकाश दिलेल्या शॉकने खडा अधिक चांगला फुटतो, कारण आधीच्या शॉकचे बुडबुडे विरायला वेळ मिळतो. तीन हजार शॉक, म्हणजे पाऊण तासाच्या वर. श्वासाबरोबर मूत्रपिंड वर-खाली होते, त्यामुळे मधूनमधून एक्स-रे पाहून नेम परत धरावा लागतो. शेवटाकडे खड्याची कडक कडा पसरट, पुसट झाली. संध्याकाळी तो घरी गेला. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली, दुसऱ्या दिवशी वाळूसारखी भुकटी पडू लागली. ती गाळून ठेवायला सांगितली होती. त्याने घरातली चहाची गाळणी घेतली, बायकोने त्याच दिवशी नवी आणली.

सहावा दिवस

सहाव्या दिवशी पहाटे कळ आली, ती चांगलीच. एक्स-रेत डाव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात, मूत्राशयाच्या जरा वर, दोन सेंटिमीटरची तुकड्यांची रांग. सगळ्यांत खाली पाच मिलिमीटरचा एक म्होरक्या, त्याच्यामागे चुरा. स्टाइनस्ट्रास. सोनोग्राफीत मूत्रपिंडाची सूज आधीपेक्षा वाढलेली.

बायको काही बोलली नाही. पण दादा स्वतः सोबत आला होता, तो बोलला. ‘नळी घातली असती तर हे झालं नसतं ना?’

‘कदाचित झालं नसतं,’ मी म्हटले. याहून वेगळे उत्तर देता येत नव्हते. ज्या एका गोष्टीपासून नळी थोडेफार वाचवते, नेमकी तीच घडली होती. मात्र त्यावरून ‘घालायला हवी होती’ असे ठरत नाही. त्या चार ते सात टक्क्यांसाठी उरलेल्या सगळ्यांना आठवडेच्या आठवडे नळी वागवायला लावायची का, हा हिशेब आधी करायचा असतो आणि तो आधीच केला होता.

आता बघायचे होते ते एवढेच, की ही रांग धोकादायक आहे का. ताप नाही, नाडी ठीक, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, क्रिएटिनीन १.१, दुखणे गोळीने आटोक्यात येणारे. यातले एकही बिनसले असते तर त्याच दिवशी निचऱ्याची सोय केली असती. सगळे जागेवर होते, म्हणून थांबायचे ठरवले. रात्री मूत्रवाहिनी सैल करणारे टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, वेदनेसाठी डायक्लोफिनॅक, आणि घरात थर्मामीटर. पारा ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला किंवा थंडी वाजली तर थेट रुग्णालय, ओपीडीची वेळ बघायची नाही. हे कागदावर मराठीत ठळक लिहून दिले आणि दादाकडून मोठ्याने वाचून घेतले. ताप म्हणजे काय, हे त्या घरात त्याच्याइतके कोणाला कळणार?

चार दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला. रांग आखडली होती, चुरा बराच पडून गेला होता, म्होरक्या अगदी मूत्राशयाच्या तोंडाशी. लघवीची घाई वाढली होती, ती त्यामुळेच. आणखी आठवडा थांबायचे, नाहीच पडला तर दुर्बिणीने काढायचा, असे ठरले. त्याआधीच तो पडला, स्टँडजवळच्या सार्वजनिक शौचालयात, सकाळच्या गर्दीत. गाळणी अर्थातच घरी होती. त्यामुळे म्होरक्या काही हाती लागला नाही. तपासणीला गेला तो आधीचा चुरा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेट निघाले, सर्वांत जास्त आढळणारा प्रकार.

या मधल्या दिवसांत त्याने किती शिफ्ट बुडवल्या ते विचारले. कळ आली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, एवढ्याच. नळी असती तर किती बुडाल्या असत्या, हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि मी तसा दावा करत नाही. दादाने मात्र स्वतःची आठवण सांगितली. नळी असेपर्यंतचे सगळे आठवडे तो कामावर गेलाच नव्हता, आणि ती काढायला बोलावले त्या तारखेलाही आधी गेला नव्हता, कारण एकदा बरे वाटू लागल्यावर नळी आत आहे हेच विसरायला झाले होते. रुग्णालयाच्या रजिस्टरवरून फोन गेला म्हणून आला. साधी नळी तीन महिन्यांपलीकडे राहिली की तिच्यावर क्षार साचू लागतात आणि मग नळीच खडा होऊन बसते. विसरलेली नळी काढायला कधी खड्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया लागते. ज्या घरात नळी आहे त्या घराच्या कॅलेंडरवर ती काढायची तारीख लिहिलेली हवी.

एका महिन्याने सोनोग्राफी आणि एक्स-रे झाले. मूत्रपिंडाची सूज गेली. मूत्रवाहिनी मोकळी. खालच्या कप्प्यात तीन मिलिमीटरचा एक तुकडा राहिला आहे. दुखत नाही, अडवत नाही, म्हणून त्याला आता काही करायचे नाही. रक्तदाबाची गोळी चालू राहील.

पाण्याचे मात्र अजून जमलेले नाही. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी प्यायचे, असे सांगणे सोपे आहे. रिक्षावाला पाणी पीत नाही, कारण प्यायले की जायचे कुठे हा प्रश्न असतो. त्याच्याबरोबर बसून पट्ट्यातल्या जागा काढल्या. स्टेशनजवळचे शौचालय, पेट्रोल पंप, आणि सीएनजीची रांग, जिथे तासभर तसाही जातो. पाण्याचा मोठा हिस्सा त्या रांगेच्या सुरुवातीला प्यायचा आणि गॅस भरून होईपर्यंत मोकळे होऊन यायचे, असे त्यानेच सुचवले. रांगेत रिक्षा पुढे सरकवायला मागच्या गाडीवाल्याला सांगून जावे लागते, तेवढी ओळख आहे म्हणाला. पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी. तोवर कुशीत कळ आली किंवा ताप आला तर आधी.